परस्पर सोडलेली जिलबी

“भैया, एक प्लेट पोहा-जलेबी और एक चाय,” दिगंबरराव म्हणाले. रजनीबाईंना वाटलं, बोलण्याच्या नादात दोन म्हणायचं राहिलं असेल. गयेहून परवाच परत आलेला माणूस, थकवा असेल अजून.

ठेलेवाल्यानं मात्र झारा तसाच हातात धरून विचारलं, “एक ही? और माताजी?”

“माताजी ने छोड़ दिया है.”

“मी?” रजनीबाई म्हणाल्या. “काय सोडलं मी?”

“अगं हो, सांगायचं राहूनच गेलं बघ. गयेत तुझ्या नावानं पोहे-जिलबी सोडली. अक्षयवटाखाली, अगदी रीतसर, हातावरून पाणी सोडून.” तेवढ्यात प्लेट आली. दिगंबररावांनी वर लिंबू पिळलं आणि खायला सुरुवात केली.

हो, खायला सुरुवात केली. बायकोच्या नावानं सोडलेली वस्तू, बायकोच्याच समोर उभं राहून, चांगली चवीनं.

हा ठेला हबीबगंज स्टेशनच्या बाजूचा. स्टेशनचं नाव केव्हाच बदललं, पण रजनीबाईंच्या तोंडी अजून हबीबगंजच. रविवारी सकाळी इथं यायचं हा त्यांच्या संसाराचा जुना नेम होता. आधी पिपलानीच्या क्वार्टरमधून स्कूटरवर, आता मिसरोदच्या फ्लॅटमधून गाडीनं. रजनीबाई माहेरच्या इंदूरच्या. दिगंबरराव साताऱ्याकडचे, नोकरीपायी भोपाळला आलेले. साताऱ्याच्या माणसाला पोहे म्हणजे मुलगी दाखवायच्या दिवशी करायची वस्तू. वाफेवर फुललेले पोहे, त्यात बडीशेप, वर शेव, कच्चा कांदा, चिमूटभर जिरावण मसाला, आणि शेजारी कढईतून नुकतीच पाकात बुडवून काढलेली जिलबी, हे त्याला शिकवावं लागतं. रजनीबाईंनीच शिकवलं होतं. एक घास पोह्यांचा, एक तुकडा जिलबीचा, आणि दोन्ही एकदमच संपले पाहिजेत. शेवटी नुसते पोहे उरले तर सकाळ वाया गेली. आठवडाभर शाळेत पोरांना भूगोल शिकवायचा, घरी सासूबाईंची पथ्यं सांभाळायची, डबे भरायचे, आणि रविवारी ही एक प्लेट कुणालाही न वाढता आपण खायची. आता शाळेतून निवृत्त झाल्या, तरी प्लेट तीच होती.

ती प्लेट नवऱ्यानं परगावी जाऊन परस्पर देऊन टाकली होती.

गाडीत बसल्यावर दिगंबररावांनी सगळं सविस्तर सांगितलं. आपण काही गैर केलं असं त्यांच्या मनातही नव्हतं, म्हणून सांगताना ते चांगलेच रंगले होते. गयेची रीत अशी, की आईवडिलांचं श्राद्ध झालं की त्या वडाखाली आपल्या जिभेला प्रिय असलेली एखादी वस्तू जन्मभरासाठी सोडायची. आपली माणसं त्यातही हुशारी करतात. रजनीबाईंच्या ओळखीतल्या निम्म्या मराठी पुरुषांनी कारलं सोडलेलं होतं आणि उरलेल्यांनी पडवळ, आणि दोन्ही भाज्या त्यांच्या घरात कुणी कधी खाल्ल्याचं ऐकिवात नव्हतं. दिगंबररावही कारलं म्हणाले. त्यांचे थोरले बंधू बाळकृष्ण रामफळ म्हणाले. त्यावर तिथले गुरुजी हसले.

“म्हणाले, ‘यजमान, महाराष्ट्र से जो आता है, करेला ही छोड़ के जाता है. माँ-बाप के लिए बस करेला?’ मला इतकी लाज वाटली सांगू! मग म्हणाले, धर्मपत्नी के नाम से भी कुछ छोड़िए. म्हटलं, निदान इथं तरी खोटं बोलायचं नाही. तुझी सगळ्यात आवडती वस्तू सांगितली.”

“आणि तुमची?”

“माझं कारलं झालं होतं ना आधीच.”

दिगंबरराव कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात होते. खोटा माल दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही हा त्यांचा बाणा. तो त्यांनी गयेतही पाळला, फक्त खरा माल बायकोच्या घरातून उचलला. रजनीबाईंना इतका संताप आला की मिसरोद येईपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. दिगंबररावांना वाटलं, पटलं.

त्याच दिवशी मोडायचं होतं की, असं कुणीही म्हणेल. बोलायला काय जातं! घरात देवाच्या नावानं एकदा शब्द दिला गेला, की तो दिला कुणी हे कुणी विचारत नाही, मोडला कुणी एवढंच विचारतात. उद्या गौरांगचं मंडीदीपच्या कारखान्यातलं प्रमोशन अडलं, सुनेची स्कूटर घसरली, दिगंबररावांचं ब्लडप्रेशर चढलं, तर सगळ्यांची नजर रजनीबाईंच्या जिलबीकडे वळणार. त्या काही कर्मठ नव्हत्या. पण मेलेल्या सासूसासऱ्यांच्या नावावर गेलेली वस्तू ओढून परत घ्यायची, याला छाती लागते. त्या गप्प बसल्या आणि आतल्या आत धुमसत राहिल्या.

आणि दिगंबररावांनी रविवार सोडला म्हणता? छे. “नेम कशाला मोडायचा?” ते म्हणाले. “तू दुसरं काहीतरी घे. समोसा घे. कचोरी घे.” पुढच्या रविवारी त्या हातात समोसा घेऊन उभ्या राहिल्या आणि समोर दिगंबरराव पोह्यांवर शेव मागून घेत होते. “आज जिलबी जरा जास्तच कुरकुरीत झालीय हं,” असंही वर म्हणाले. रजनीबाईंनी समोसा तिथल्या गाईला घातला. त्यानंतरच्या रविवारी त्या गेल्याच नाहीत, तर दिगंबरराव एकटे जाऊन खाऊन आले. पँटच्या खिशाला पाकाचा डाग घेऊन घरी आले आणि डाग निघेल का म्हणून विचारू लागले.

सुनेला, नेहाला, हे कळलं तेव्हा ती ऑफिसची पर्स खांद्यावरून न काढता ओट्यापाशी उभी राहिली. नेहा ग्वाल्हेरच्या मराठी घरातली. तिच्या मराठीत अर्धी हिंदी असते आणि रागावली की तीन चतुर्थांश होते.

“आई, ये तो हद है! बाबांनी कसं डिसाइड केलं? एक फोन तर करायचा असता तुम्हाला!”

“तिथं रेंज नव्हती म्हणतात.”

“रेंज नव्हती तर अपना कुछ छोड़ते ना! स्वतःचा चहा सोडायचा. तुमचीच जिलबी का?”

“कारण माझीच खरी आवड होती, म्हणे.”

“वाह,” नेहा म्हणाली. “चला. बसा स्कूटरवर मागे. उनको जो छोड़ना था छोड़ दिया, बाकी भोपाळ तर अपना आहे ना.”

मग सासू-सुनांनी शहर पालथं घातलं. शनिवारी दुपारी नेहाच्या स्कूटरवरून जुन्या भोपाळात जायचं. बुधवारा मोहल्ल्यात मिठाचा चहा प्यायचा, वर जाड साय तरंगणारा, पहिल्या घोटाला फसवल्यासारखा वाटणारा आणि तिसऱ्या घोटाला सोडवत नाही असा. चौक बाजारात कुल्हडमधली रबडी, तिच्यात सायीचे पदर इतके की चमचा सरळ उभा राहावा. न्यू मार्केटला फुलक्या, म्हणजे आपली पाणीपुरी, तिखट लागून डोळ्यातून पाणी येईपर्यंत. दहा नंबर मार्केटला मूगडाळीची कचोरी, आणि ती संपायच्या आत खव्याची मावाबाटी. घरी रजनीबाईंनी दाल-बाफले घातले, आधी पाण्यात उकडून, मग भाजून, मग कुस्करून त्यावर साजूक तुपाची धार, थांब म्हणेपर्यंत. नेहानं थांब म्हटलंच नाही. एरवी रजनीबाईंनी असं खाल्लं असतं तर आठवडाभर मन प्रसन्न राहिलं असतं.

पण पोट तुडुंब भरलं तरी राग जसाच्या तसा. रबडी खाताना वाटायचं, ही तरी आपली किती दिवस? उद्या हे काशीला निघाले, रामेश्वरला निघाले, तर तिथं काय काय देऊन येतील? एवढी वर्षं आपण काय खातो, कसं खातो, कशाला डोळे मिटतो, हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं. प्रेमानं ठाऊक होतं असं त्या समजून चालल्या होत्या. हातावर पाणी घ्यायची वेळ आली तेव्हा त्या माहितीचा हा उपयोग झाला. खरं दुखत होतं ते हे, आणि ते समोशानं जाणारं नव्हतं.

मेच्या अखेरीस बाळकृष्ण भाऊजी पुण्याहून आले. येताना हापूसची पेटी आणली. शनिवारी दुपारी दिगंबरराव आणि रजनीबाई गॅलरीत वर्तमानपत्र पसरून एकेक आंबा दाबून बघत होते आणि पिकलेले बाजूला काढत होते. भाऊजी आत झोपले होते. उद्या आमरस-पुरीचा बेत ठरला होता.

“उद्या रविवार,” रजनीबाई म्हणाल्या. “उद्या मी पोहे-जिलबी खाणार आहे.”

“खुळ्यासारखं करू नकोस. दादा घरात आहे.”

“मग काय झालं?”

“मग काय म्हणजे? दादासमोर मी संकल्प सोडलाय.” दिगंबररावांनी आंबा खाली ठेवला. “आणि इतकं काय मोठं आभाळ कोसळलं गं? एक जिलबी ती! आईनं नाही का आंबा सोडला? बाबा काशीहून आले आणि म्हणाले, तुझा आंबा सोडून आलोय. आई एक अक्षर तरी बोलली? जन्मभर पाळलं तिनं. याला म्हणतात निष्ठा.”

रजनीबाईंचा हात आंब्यावर तसाच राहिला.

सासूबाई आंबा खात नसत हे त्यांना माहीत होतं. लग्न होऊन आल्या तेव्हापासून माहीत होतं. पण त्यांना सांगण्यात आलं होतं, की आंबा सासूबाईंनी काशीला सोडला. स्वतः सोडला, असंच त्या समजल्या होत्या. केवढी भक्ती, म्हणून त्यांनी ते नेहालाही कौतुकानं सांगितलं होतं. आज कळत होतं, की सासूबाई काशीला गेल्याच नव्हत्या.

“त्या गेल्या नव्हत्या काशीला?”

“ती कशी जाणार? आम्ही लहान होतो. बाबा एकटेच गेले होते.”

भोपाळला राहायला येण्याआधी दर उन्हाळ्यात साताऱ्याच्या घरी सासूबाई जमिनीवर बसून रस काढायच्या. टोपलीच्या टोपली. मनगटापर्यंत हात रसानं माखायचे. दहा-बारा माणसांच्या पंगतीला पुरेल एवढा रस निघायचा, आणि मग त्या उठून मोरीवर जाऊन हात धुवायच्या. बोटं चाटायच्या नाहीत. हात धुताना तोंड एका बाजूला वळवायच्या. नव्या सुनेनं, म्हणजे रजनीबाईंनीच, एकदा भोळेपणानं विचारलं होतं, “साखर घालू का, बघता का चाखून?” त्या म्हणाल्या होत्या, “चाखायला कशाला लागतं? मला वासावरनं कळतं.” तेव्हा रजनीबाईंना ते सुगरणीचं बोलणं वाटलं होतं. केवढी मूर्ख होते मी, असं त्या आता मोठ्यानं म्हणाल्या.

“काय?” दिगंबरराव म्हणाले.

“तुम्हाला नाही. पुढचा आंबा द्या.”

जिलबीचा राग हा नवराबायकोतला राग होता, एखाद्या दिवशी निवलाही असता. हा तसला नव्हता. एका बाईच्या तोंडचा आंबा काढून घेतला, तिलाच तो जन्मभर पिळायला लावला, आणि वर तिच्या गप्प बसण्याला निष्ठा असं नाव देऊन ते पुढच्या सुनेच्या गळ्यात घालायला काढलं. शांत, सज्जन, सुशिक्षित माणसं ही! कुणी कुणावर हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. रजनीबाईंना त्या रात्रीच्या जेवणात गोड लागेना की तिखट.

रविवारी सकाळी दिगंबरराव आंघोळीला गेले तेव्हा त्या एकट्याच ऑटो करून हबीबगंजला गेल्या. ठेलेवाला ओळखीचं हसला. म्हणाला, “माताजी, आपने तो छोड़ दिया था ना?”

“मैंने नहीं छोड़ा था, भैया. पैक कर दो. जलेबी ज़्यादा रखना.”

तिथंच उभ्यानं खाऊन, तोंड पुसून परत येता आलं असतं. कढईचा वास नाकात जात होता आणि पोटात कावळे ओरडत होते. पण चोरून खायचं असतं तर सासूबाईंनाही खाता आलं असतं. त्या पुडकं मांडीवर घेऊन घरी आल्या, पुऱ्यांची कणीक मळली, रस काढला, आणि काढून झाल्यावर पाचही बोटं एकेक करून चाटली. नेहा बघत होती. तिनं पुऱ्या लाटायला घेतल्या.

दुपारी पानं मांडली. भाऊजी, दिगंबरराव, गौरांग, नेहा. सगळ्यांच्या वाट्यांत आमरस, वर तुपाचा थेंब, चिमूट मिरपूड. गरम पुऱ्या. भाऊजींनी पहिली पुरी रसात बुडवली आणि डोळे मिटून “वा” म्हणाले. मग रजनीबाई आपलं ताट घेऊन बसल्या. ताटात पोहे होते आणि जिलब्या होत्या. पोहे गार झाले होते, शेव मऊ पडली होती, जिलबी वाकून बसली होती. त्यांनी एक घास पोह्यांचा घेतला आणि वर जिलबीचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

भाऊजींची पुरी तोंडाशी थांबली. “रजनी, हे काय? हे तुझं सोडलेलं आहे ना?”

“मी नाही सोडलेलं, भाऊजी. ह्यांनी सोडलेलं.”

“नवराबायकोचं वेगळं असतं का काही? एकच ते.”

“एकच असतं तर ह्यांनीही सोडलं असतं. हे दर रविवारी खाऊन येतात. विचारा त्यांना.”

भाऊजींनी धाकट्या भावाकडे बघितलं. दिगंबरराव रसाच्या वाटीकडे बघत होते. गौरांग एकदम पुरीचे बारीक तुकडे करायला लागला.

“बाबांनी आईचा सोडला तेव्हा असलं काही झालं नाही,” भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज दुखावल्यासारखा झाला होता. “असल्या गोष्टींत वाद घालू नये, रजनी. संकल्प मोडला की तृप्त झालेले पितर माघारी फिरतात. आईबाबा पुन्हा या उंबऱ्यावर येऊन उभे राहतील. चालेल तुला?”

“येऊ देत,” रजनीबाई म्हणाल्या.

त्यांनी आवाज चढवला नाही, हात ताटाच्या कडेला टेकवला.

“येऊ देत, भाऊजी. सासूबाई आल्या तर मी त्यांचा हात धरून आत आणीन, इथं माझ्या जागेवर बसवीन आणि त्यांना आमरस वाढीन. वाटीत नाही, ताटात. पुरे म्हणेपर्यंत वाढीन, आणि त्या लाजून लवकर पुरे म्हणाल्या तर अजून वाढीन. मामंजी आले तर त्यांना सांगेन, जरा थांबा, आधी त्यांचं होऊ दे. जन्मभर त्यांनी आपल्या हातांनी तुम्हा सगळ्यांना रस काढून घातला. कुणी एकानं, एकदा तरी, त्यांना विचारलं का, की तुला सोडायचाय का आंबा? तुम्ही विचारलंत? ह्यांनी विचारलं? मी सून होते, मीसुद्धा नाही विचारलं. आणि आता मला निष्ठा शिकवता!”

भाऊजींनी हातातली पुरी पानात ठेवली. ते सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, पण त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा दिसायला लागला. नेहा उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच गॅस कमी-जास्त करू लागली.

रजनीबाई जेवत राहिल्या. एक घास पोह्यांचा, एक तुकडा जिलबीचा. गार झालेलं होतं सगळं, आणि तरी पहिल्या घासालाच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते त्यांनी पुसलं नाही, लपवलंही नाही.

दिगंबररावांनी आमरसाला हात लावला नव्हता. “चुकलंच माझं,” ते पुटपुटले, कुणाला ऐकू जाईल न जाईल असं. मग, समेट करायचा झाला की ते एरवी जसं करत तसा, त्यांनी हात लांब केला आणि बायकोच्या ताटातली जिलबी उचलायला गेले.

रजनीबाईंनी ताट मागे घेतलं.

“आधी विचारा.”

“काय विचारू?”

“घेऊ का, म्हणून विचारा.”

दिगंबररावांचा हात मधेच राहिला. भाऊ बघत होता, मुलगा बघत होता, दारातून सून बघत होती. त्यांनी हात मागे घेतला, मांडीवर ठेवला आणि म्हणाले, “रजनी, एक जिलबी घेऊ का मी?”

रजनीबाईंनी ताटात बघितलं. पोह्यांचा एक घास उरला होता आणि जिलबीचा एकच वेढा. त्यांनी नीट विचार केला.

“नाही,” त्या म्हणाल्या, आणि दोन्ही एकदमच संपवलं.